नगरपरिषदेच्या एसटीपीचं पाणी शेततळ्यात घेऊन मासे सोडावेत का? अन तेच पाणी पुढं कापूस-मोसंबीला?

शेततळेवाला_बीड · ३ मार्च, रात्री ९:४२

राम राम मंडळी, लई दिवसांनी लिहायलोय. विषय जरा विचित्र वाटंल पण शेवटपर्यंत वाचा अन मग हसा.

आमचं रान तालुक्याच्या गावापासनं अडीच किलोमीटरवर, नाल्याला लागूनच. साडेचार एकर काळी जमीन. बोअर दोन, त्यातलं एक मागच्या उन्हाळ्यात गेलं अन दुसरं जानेवारीपर्यंतच साथ देतंय. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं हाय, ते पावसाळ्यात भरून घेतो अन मार्चात तळ दिसतो. आता झालंय असं की दोन वर्षांपासनं नगरपरिषदेचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) चालू झालाय अन त्याचं शुद्ध केलेलं पाणी आमच्याच नाल्यात सोडायलेत. आधी नाल्याला काळं पाणी यायचं, नाकाला रुमाल लावल्याबिगर बांधावर उभं राहता येत नव्हतं. आता पाणी बऱ्यापैकी नितळ, जरासं पिवळसर, अन वरून पडतंय तिथं फेस. मे महिन्यात सुद्धा वाहतंय. अख्ख्या शिवारात थेंब नाही अन माझ्या बांधाखालून पाणी पळायलंय, झोप लागंना गेलीय.

डोक्यात असंय की नाल्यावर मोटर टाकून पाणी तळ्यात घ्यायचं, त्यात रोहू-कटला सोडायचे, अन तळ्यातलं पाणी ठिबकनं कापसाला द्यायचं. दोन एकर मोसंबी लावायचाही विचार चाललाय. एका पाण्यात दोन कामं. पण घरात वाजलंय. दादा म्हणतेत "गावाची घाण उचलून मपल्या रानात आणू नको". आई म्हणती मासे घेणार कोण, सगळ्या गावाला माहितीय पाणी कुठलं हाय ते.

तर कुणी असलं काही केलंय का? मासे जगतेत का, खाल्ले तर काही होतंय का, अन जमीन खराब होती का एवढं सांगा. उगी "मृद परीक्षण करून घ्या" एवढंच लिहून जाऊ नका, ते मलाबी कळतंय.

---

निवांत_धाराशिव · ३ मार्च, रात्री १०:१५

मासे तुम्ही खा, कापूस आम्ही घेतो 😄

मस्करी सोडा पण दादा, लाजायचं कामून? आपल्याकडं कुठल्याबी गावाच्या खालच्या अंगाला जाऊन बघा, नाल्यावर मोटारी बसलेल्याच हायत. मेथी, कोथिंबीर, पालक त्याच पाण्यावर येतंय अन सकाळी बाजारात आपणच जुडी हातात घेऊन "काय हिरवीगार हाय" म्हणतो. ते तर कच्चं गटाराचं पाणी. तुमचं निदान प्लांटातून तरी फिरून आलंय.

---

उदगीरकर_फिशरीज · ४ मार्च, सकाळी ७:०५

दादा, प्रश्न बिलकुल विचित्र नाहीये. मी उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलोय, तेव्हा कोलकात्याला ट्रिप गेली होती. शहराच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरची पाणथळ जमीन आहे, २००२ पासून रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आहे. तिथं शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांमध्ये घेतात, त्यांना भेरी म्हणतात. ऊन, शेवाळ आणि मासे मिळून पाणी साफ करतात आणि पुढं ते भाताला, भाजीला जातं. हे कुठल्या कंपनीनं डिझाइन केलेलं नाही, तिथल्या मच्छीमारांनी शंभरएक वर्षांत बसवलेलं गणित आहे. ध्रुवज्योती घोष नावाचे इंजिनिअर होते, सरकारनं त्यांना सांडपाण्याचं काय करायचं ते बघायला पाठवलं आणि त्यांनी जगाला दाखवलं की शहराचा एसटीपी आधीपासूनच आहे, फक्त त्याला पाटी नाही.

मी स्वतः बघितलं, पहाटे जाळं ओढतात आणि एक म्हातारा बोट पाण्यात बुडवून, वास घेऊन सांगतो आज फाटक उघडायचं का नाही. मीटर वगैरे काही नाही.

पण कोलकाता म्हणजे पाऊस आपल्या दुप्पट आणि हवा दमट. आपलं तसं नाही, त्यामुळं तिथलं जसंच्या तसं उचलू नका. तुमच्याकडं दोन वेळा धोक्याच्या. एक दुपार, एक पहाट.

दुपारचं असं की सांडपाण्यात अमोनिया असतो. त्याचा विषारी भाग किती ते पीएचवर ठरतं. पाणी ३० डिग्रीला धरा, पीएच ७ असला तर शंभरात एक भाग सुद्धा विषारी नाही, ८ झाला की सात-आठ भाग, आणि ९ ला गेला की चाळीसच्या वर. आता तळं हिरवं झालं की शेवाळ भर उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच आपोआप ९ ला जातो. म्हणजे सकाळी जे पाणी चांगलं होतं तेच दुपारी तीनला विष. हा विषारी भाग लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर गेला की माशाचं काही खरं नाही, आणि त्याच्या बऱ्याच खालीही वाढ खुंटते.

आणि पहाटे उलटं. रात्रभर शेवाळच ऑक्सिजन खातं. चार-साडेचारला बॅटरी घेऊन जाऊन बघा, मासे वर तोंड काढून चप-चप आवाज करत असतील तर ऑक्सिजन संपलाय. तेव्हा मोटर लावून पाणी उंचावरून पाडायचं, नाहीतर एअरेटर.

कटला आणि चंदेरा वरच्या थरातलं प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खातात, असल्या हिरव्या पाण्यात ते उत्तम. मृगळ आणि सायप्रिनस तळाच्या चिखलात चरणारे, तुमच्या तळाला प्लास्टिक आहे, त्यांना तिथं काय मिळणार? कमीच सोडा. तिलापिया काटक आहे पण त्याला परवानगी लागते. आणि कुणी "थाई मागूर टाक, गटारातपण वाढतो" म्हणून सांगितलं तर त्याचं ऐकू नका, त्यावर बंदी आहे आणि आपल्या राज्यात तळीच्या तळी नष्ट केलीत.

---

प्लांटवाला_काका · ४ मार्च, दुपारी १:३०

मी अशाच एका प्लांटवर ऑपरेटर होतो, आता रिटायर. गाव सांगत नाही, समजून घ्या.

पोरांनो माशांचं तुम्ही बघा, मी पाण्याचं सांगतो. हल्ली छोट्या गावांना बहुतेक एसबीआर टाइपचे प्लांट हायेत. त्यात पाणी सलग बाहेर येत नाही, एकाच टाकीत भरणे, हवा देणे, निवळणे अन वरचं पाणी काढणे असं चक्र चालतं. त्यामुळं तुमच्या नाल्याला पाणी झटक्यानं येतं अन मग बारीक होतं, नीट बघा, दिवसातनं ठरलेल्या वेळेला येत असंल. मोटर त्याच वेळेला चालवा.

आता दोन गोष्टी अशा की त्या कुठल्या बोर्डावर लिहिलेल्या नसतेत.

पहिली, लाईट. लाईट गेली, जनरेटरला डिझेल नाही, तर पाणी काय थांबतं का? गावातलं येतच राहतं. मग बायपास. कच्चं पाणी सरळ नाल्यात. आमच्याकडं एकदा ब्लोअर (टाकीत हवा मारायचं मशीन) जळाला तर नवा येईपर्यंत अकरा दिवस बायपास चालू होता अन खाली कुणालाच पत्ता नाही. तुमच्या तळ्यात असलं पाणी एक रात्र गेलं तर सकाळी मासे उताणे. म्हणून नाल्यातनं डायरेक्ट तळ्यात घ्यायचं नाही म्हणजे नाही. मधी एक खड्डा पाहिजे अन मधी व्हॉल्व्ह. पाणी बघायचं, वास घ्यायचा, मग व्हॉल्व्ह खोलायचा. अन प्लांटवरच्या पोराचा नंबर घेऊन ठेवा, दिवाळीला मिठाई द्या, "बायपास केला की एक मिस्ड कॉल दे बाबा" म्हणा. हे कुठल्याबी मीटरपेक्षा भारी काम करतंय.

दुसरी, क्लोरीन. शेवटच्या टाकीत क्लोरीन मारतेत. सॅम्पल घ्यायला कुणी येणार असलं की हात जरा सैल सुटतो, काय लपवायचं. माणसाला जेवढा क्लोरीन काहीच करत नाही तेवढ्यात मासा मरतो, लिटरला पाव मिलिग्रॅम सुद्धा लई झाला. ग्रामपंचायतीत ओटी टेस्टची बाटली असती बघा, तीच वापरा, थेंब टाकला अन पिवळं झालं की क्लोरीन हाय. खड्ड्यात उन्हाला दोन दिवस राहिलं की उडून जातं.

अन हो, क्लोरीननं जंतू मरतेत पण जंताची अंडी मरत नाहीत. ती जड असतेत, खाली बसतेत. आठ-दहा दिवस पाणी हलू न देता खड्ड्यात राहिलं की बहुतेक तळाला जातेत. म्हणून तो मधला खड्डा दहा दिवसांचा करा, दोनचा नको.

---

मोसंबी_जालना · ४ मार्च, रात्री ८:५०

वर सगळे माशांवरच बोलायलेत, मी जमिनीचं बोलतो कारण मी हात पोळून घेतलेत.

आमच्या एका नातेवाइकाचं रान असंच गावाच्या नाल्याला. त्याचं बघून मी पण सहा वर्षं तसलं पाणी दिलं, मोसंबीला अन कापसाला. पहिली दोन वर्षं काय सांगू, झाडं अशी काळीभोर की येणारा जाणारा थांबून विचारायचा कुठलं खत टाकलं. युरिया जवळजवळ बंद. तिसऱ्या वर्षी मोसंबीच्या पानाची टोकं पिवळी, मग करपल्यासारखी. मला वाटलं बुरशी, औषधाचे दोन हजार घातले. चौथ्या वर्षी कळलं की पाण्यात बोरॉन अन क्लोराइड हाय. बोरॉन कपड्याच्या पावडरमधनं येतो, सगळ्या गावाची धुणी त्याच नाल्यात. मोसंबी, द्राक्ष, लिंबू याबाबतीत लई नाजूक, लिटरला अर्धा-पाऊण मिलिग्रॅम बोरॉन झाला की कुरकुर सुरू. कापसाला ६ पर्यंत काही होत नाही, ज्वारीबी चांगली सोसती. म्हणजे एकाच पाण्यात कापूस हसायला अन मोसंबी रडायला. तेव्हा मोसंबीचा नाद या पाण्यावर करू नका, दोन एकराच्या रोपाचे अन खड्ड्याचे पैसे वाचतील.

दुसरं काळ्या जमिनीचं. सोडियम चढला की माती चोपण होती. उन्हाळ्यात कळत नाही. कळतं ते पहिल्या मोठ्या पावसात, वरचं पाणी आत मुरतच नाही, शेंबडासारखं बुळबुळीत होऊन वरच उभं, अन वाळल्यावर चकचकीत पापडी. आमच्या खालच्या अर्ध्या एकरात अजून ते हाय, दोनदा जिप्सम टाकलं, चर खोदला, तेव्हा कुठं आता हरभरा उगवतोय.

अन कापसाला पण सगळं गोड नाही. नत्र जास्त झालं की कापूस माजतो. कमरेएवढा झाड, पानं हातभर, बोंडं मोजून, अन मावा तुडतुडे असे की फवारणीनं जीव जातो. पाण्यातलं नत्र धरूनच डोस काढा.

---

शेततळेवाला_बीड · ९ मार्च, रात्री ९:१०

लई भारी माहिती मिळाली सगळ्यांची, आभार. काका तुमचं बोलणं ऐकून दोन दिवस नाल्यावर जाऊन बसलो, खरंच पाणी ठरलेल्या वेळेला येतंय, सकाळी साडेसहाला मोठं, मग दहाच्या पुढं, असं. दोन वर्षं झाली रोज बघतोय अन ध्यानात आलं नव्हतं.

पाणी तपासायला दिलं होतं, रिपोर्ट आला. ईसी (पाण्यातल्या मिठाचं माप) १.४, एसएआर (सोडियमचं माप) ७, एकूण नत्र लिटरला १८ मिलिग्रॅम, त्यात अमोनिया ६, पीएच ७.६. बोरॉन त्यांच्याकडं होत नाही म्हणले, दुसरीकडं पाठवावं लागंल. एमआयडीसीचं पाणी यात येत नाही, मी नाला वरपर्यंत चालत जाऊन बघितला, दोन गॅरेज अन एक खाटकाचं दुकान सोडलं तर सगळी घरंच हायत.

आता यावरून काय समजायचं ते कुणी सांगा. अन किती पाणी घ्यायचं दिवसाला?

---

उदगीरकर_फिशरीज · ९ मार्च, रात्री ११:२०

एमआयडीसीचं नाही हे सगळ्यात महत्त्वाचं होतं, शाबास. जंतूंचा बंदोबस्त करता येतो, शिसं-कॅडमियमचा नाही, ते माशात साठत जातं. तरी गॅरेजवाल्यांशी बोलून घ्या, जळकं ऑइल नाल्यात ओतत असतील.

रिपोर्टवर बोलतो. अमोनिया ६ म्हणजे पाणी थेट घेतलं आणि दुपारी पीएच ९ झाला तर विषारी भाग अडीचच्या पुढं, मासे खलास. खड्ड्यात दहा दिवस उन्हात राहिलं तर बरंच कमी होतं, आणि तळ्यातल्या मोठ्या पाण्यात थोडं-थोडं मिसळलं तर आणखी पातळ.

किती घ्यायचं त्याचा एक ठोकताळा आहे, सांडपाण्यावरच्या मत्स्यतळ्याला हेक्टरी दिवसाला साधारण ४ किलो नत्र. तुमचं तळं ९०० चौरस मीटर म्हणजे ३६० ग्रॅम. १८ मिलिग्रॅमच्या हिशोबानं दिवसाला वीस हजार लिटर झाले. त्याच्या वर जाऊ नका. आणि मधला खड्डा दहा दिवसांचा म्हणजे दोन लाख लिटरचा.

आता इथं आपल्या मराठवाड्याची खरी गोम. एप्रिल-मे मध्ये तळ्यावरून दिवसाला १० मिलिमीटर पाणी सहज उडतं, तुमच्या तळ्यावर ते ९ हजार लिटर होतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. समजा तळं याच पाण्यानं भरलं आणि फेब्रुवारी ते मे फक्त उडालेलं तेवढं भरत राहिलात, तर १.४ चा ईसी मे अखेर २ ला जाईल. पावसाळ्यात धुऊन नाही काढलं तर पुढच्या उन्हाळ्यात अडीचच्या वर. माशाला ते चालतं, त्याला काही वाटत नाही, पण ते तुमच्या काळ्या जमिनीत गेलं की जालन्याच्या भाऊंनी सांगितली तीच गत. लोक चुकतात ते इथं, साठवण तलाव समजून भरून ठेवतात. याला नदीसारखं चालतं ठेवा. रोज आत वीस, उडालं नऊ, तर अकरा हजार रोज बाहेर पिकाला गेलंच पाहिजे. पीक नको म्हणत असलं तरी चाऱ्याला सोडा.

माझं ऐकाल तर पहिला भराव पावसाच्या पाण्याचा, आणि एसटीपीचं पाणी वरखर्चाला. ९०० च्या आसपास बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं), जास्त नको.

---

प्लांटवाला_काका · १० मार्च, सकाळी ६:२०

नत्र १८ म्हणजे प्लांट बरा चाललाय. हे लक्षात ठेवा की एसबीआर नीट चालला तर तो नत्र खातोच, त्यामुळं "सांडपाणी म्हणजे फुकटचा युरिया" हे जुन्या पाण्याचं गणित. एकरी २० लाख लिटर दिलं तर तुमच्या पाण्यातनं ३६ किलो नत्र जाईल, युरियाच्या पावणेदोन गोण्या. चांगलंच हाय, पण रिपोर्ट दर तिमाहीला करा. प्लांट ढिला पडला की आकडा बदलणार.

अन ठिबकला सँड फिल्टर बसवा, नुसत्या जाळीच्या फिल्टरवर भागणार नाही. या पाण्यात शेवाळाचा चिकटा असतो, लॅटरलमधनं हिरवा शेंबूड निघतो.

---

सखी_लातूर · १० मार्च, दुपारी ३:०५

मी बाई माणूस, माशातलं मला कळत नाही, घरी माळकरी. पण पाण्याचं बोलल्याशिवाय राहवेना.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी लातुरातच होते. पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर, लोक फुलं घेऊन स्टेशनवर. नंतर पन्नास डब्यांची यायला लागली. तेव्हा आमच्या गल्लीत भांडी घासलेलं पाणी आम्ही बादलीत धरून संडासला वापरायचो, अन तेव्हाच हिशोब डोक्यात बसला. माणसाला १०० लिटर दिलं तर ८० लिटर परत नालीत येतं. म्हणजे चाळीस हजाराच्या गावातनं रोज बत्तीस लाख लिटर. सहा रेल्वे झाल्या की हो, पहिल्या दिवसाच्या. अन ते खाली सोडून द्यायचं.

आमच्या बचत गटानं गावच्या सांडपाण्यावर अर्ध्या एकरात नेपियर लावलंय. आमच्याकडं प्लांट नाही, नुसता दगड-वाळूचा गाळणखड्डा अन मग पाटानं. बायका आधी नाक मुरडायच्या. आता चारा विकायला लागलो तेव्हा कुणी विचारत नाही पाणी कुठलं. जनावराच्या तोंडातनं दूध आलं की पाण्याची जात कुणी काढत नाही, माशाच्या बाबतीत मात्र काढतेत, ही गंमत बघा. फक्त एक करा भाऊ, रानात अनवाणी कुणाला उतरू देऊ नका, गमबूट द्या, आमच्या दोघींना पायाला खाज अन फोड आले होते. अन कापणीच्या आधी दोन आठवडे पाणी बंद.

---

गोदाकाठचा_भोई · ११ मार्च, रात्री ८:००

सगळं वाचलं. विक्रीचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, आमचा पिढीजात धंदा हाय.

लपवून विकायचा विचार करू नका. गाव लहान असतं, एकदा बोभाटा झाला की तुमचाच नाही तर बाजारातल्या सगळ्यांचा मासा पडून राहतो. आमच्या इकडं एकदा असंच झालं होतं, कुण्या एकाचा मासा वास मारला अन तीन आठवडे आम्हाला गिऱ्हाईक नव्हतं, आमचा मासा तर धरणाचा. सरळ सांगायचं, अमूक पाणी, अमूक रिपोर्ट, अन विकायच्या आधी बोअरच्या स्वच्छ पाण्याच्या हौदात आठ-दहा दिवस खायला न देता ठेवले होते. पोटातली घाण निघून जाती, चवीतला मातकट वासबी कमी होतो. पण हौदानं पोटातलं निघतं, अंगात भिनलेलं निघत नाही, त्यामुळं पाणीच चांगलं ठेवा.

साफ करताना आतडी फुटू द्यायची नाही, अन ज्या पाटावर साफ केला त्यावर कांदा चिरायचा नाही. शिजवून खाणाऱ्याला माशापेक्षा त्या पाटानं जास्त त्रास होतो.

दोन वर्षं घरचं खाणं अन ओळखीत विका, श्रावणात अन एकादशीला कुणी विचारणार नाही तेव्हा काढूच नका. हौदासाठी बोअरचं पाणी मात्र दिवाळीनंतर लगेच राखून ठेवा, तुमचं बोअर जानेवारीत जातंय म्हणला म्हणून सांगतो.

अन एक राहिलं. प्लास्टिकच्या तळ्यात शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. चारी बाजूनं गाठी मारलेली दोरी अन तिला जुने टायर बांधून पाण्यात सोडून ठेवा. दरवर्षी कुठं ना कुठं पोर बुडतंय शेततळ्यात.

---

निवांत_धाराशिव · ११ मार्च, रात्री ८:३०

एवढं सगळं करण्यापेक्षा आधी ड्रममध्ये चार गप्पी मासे सोडून बघायचे ना. हिवताप खात्याकडं फुकट मिळतेत.

---

उदगीरकर_फिशरीज · ११ मार्च, रात्री ९:०२

ड्रमची आयडिया एक नंबर, पण गप्पी नको. गप्पी गटारातच जगतो म्हणून तर त्याला गटारात सोडतात, तो जगला यावरून काहीच कळणार नाही. रोहूची बोटुकली घ्या, दहा. एका ड्रममध्ये नाल्याचं ताजं पाणी, दुसऱ्यात पाच-सहा दिवस उन्हात ठेवलेलं. चार दिवस बघायचं, खायला घालायचं नाही, सावलीत ठेवायचं.

---

शेततळेवाला_बीड · २३ मार्च, रात्री १०:०५

उशीर झाला, माफी. रिपोर्ट देतो.

मोसंबी रद्द. बोरॉन ०.८ आला. तो पैसा आता मधल्या खड्ड्यात घालायलोय, जेसीबीवाला परवा येतोय. नगरपरिषदेत अर्ज दिलाय, तोंडी हो म्हणलेत पण ठराव होईपर्यंत मी मोठी मोटर बसवणार नाही, उद्या कुणी ते पाणी दुसऱ्याला दिलं तर माझं सगळंच बोंबलायचं. यंदा फक्त अर्धा एकर नेपियर अन कापसाला दोन-तीन पाळ्या. मासे पावसाळ्यात तळं भरल्यावर, ९०० नाही, ५०० च.

ड्रमचं सांगतो. मित्राच्या तळ्यातनं वीस बोटुकल्या आणल्या. ताज्या पाण्याच्या ड्रममधल्या दहाच्या दहा सकाळपर्यंत मेल्या. ओटीचा थेंब टाकला तर पिवळंधमक. काका, तुमचं खरं निघालं, प्लांटवरच्या पोराला विचारलं तर म्हणला त्याच दिवशी सॅम्पलवाले येऊन गेले होते.

सहा दिवस उन्हात ठेवलेल्या ड्रममधल्या नऊ जगल्या, चार दिवस झाले, पाचवा चालूय. दादा आधी तिकडं बघतबी नव्हते. आता पहाटे चारला बॅटरी घेऊन ड्रमापाशी खुर्ची टाकून बसतेत, चप-चप आवाज येतोय का बघायला, अन आला की तांब्यानं पाणी वरून ओतत राहतेत.

दहावी पाण्यानं मेली नाही. उडी मारून बाहेर पडली अन मांजरीनं नेली.